शेततळं, विहीर, ओढा आणि आपली डुकरं: नवीन वराहपालकांनी काय काय करायचं

डुक्कर पोहतं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण नवीन माणूस फार्म बघायला आला की त्याचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि "पोहतं की" असं ऐकलं की तो निवांत होतो, तिथंच चूक होते. मोबाइलवर बहामातल्या एक्झुमा बेटांवरच्या डुकरांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, निळ्या पाण्यात मस्त पोहत बोटीपर्यंत येतात. पण तिथला किनारा बघा, वाळूचा आहे, हळूहळू उतरत जातो, डुक्कर दमलं की चालत बाहेर येतं. आपल्याकडं शेततळं असतं, दगडी विहीर असते, सिमेंटचा कॅनॉल असतो. त्यात डुक्कर बुडतं ते पोहता येत नाही म्हणून नाही, बाहेर पडता येत नाही म्हणून.

आमचं फार्म सांगोल्याकडं. डाळिंबाची बाग, ३० बाय ३० मीटरचं शेततळं, आणि तळ्यापासून शंभर-सव्वाशे फुटांवर डुकरांचं शेड. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री लाइट गेली, टाकी भरली नाही, आणि आम्हाला कुणाला त्याचा पत्ताच नाही. पहाटे गडी आला तर एका पेनचं, म्हणजे शेडमधल्या डुकरांच्या कप्प्याचं, गेट आडवं पडलेलं आणि दोन माद्या गायब, सत्तर-ऐंशी किलोच्या होत्या. एक तळ्यात सापडली. कडेकडेनं पोहत होती, पुढचे पाय तळ्याला आतून अंथरलेल्या काळ्या प्लास्टिक कागदावर मारत होती, कागदावर पाण्याच्या रेषेलगत सगळीकडं पांढरे ओरखडे उठलेले, म्हणजे तिनं अख्ख्या तळ्याला चकरा मारल्या होत्या. नाक तेवढं वर होतं. गडी कपड्यांसकट उडी मारायला निघाला, वडलांनी त्याचा दंड धरला म्हणून थांबला. ती मादी वाचली, कशी ते पुढं सांगतो. दुसरी आम्हाला दिसलीच नाही, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्यावर आली.

त्या दिवसानंतर फार्मवरचं पाण्याचं सगळं काम मी नव्यानं केलं, ते इथं क्रमानं लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी तळ्याला कुंपण घालायला धावतात, पण त्या दोघी तळ्यावर फिरायला गेल्या नव्हत्या, तहानेनं गेल्या होत्या. म्हणून डुकराला आधी त्याचं स्वतःचं पाणी द्यायचं आणि मग आपलं पाणी राखायचं.

पहिलं काम: पिण्याचं पाणी पेनमध्येच

किती लागतं याचा अंदाज नवीन माणसाला नसतो. दूध तुटलेल्या पिल्लाला दिवसाला दोन-तीन लिटर, पन्नास-साठ किलोच्या डुकराला सहा ते आठ लिटर, गाभण मादीला दहा-पंधरा, आणि व्यायलेल्या, पिल्लं अंगावर असलेल्या मादीला वीस ते चाळीस लिटर. हे सगळं नेहमीच्या दिवसांत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात याच्यावरच धरा. टाकी दोन दिवसांची ठेवा, एक दिवसाची नको, कारण लाइटचा भरवसा नाही.

निपल, म्हणजे डुक्कर तोंडानं दाबून पाणी पितं ती तोटी, बसवलं की काम झालं असं समजू नका. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार आहे, चार-पाच महिन्यांत निपलच्या आत पांढरा थर धरतो आणि धार करंगळीएवढी बारीक होते. डुक्कर तासभर निपलला तोंड लावून उभं असतं, आपल्याला वाटतं पितंय. म्हणून एक लिटरची बाटली घ्या, निपल दाबून धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. वाढीच्या डुकराला मिनिटाला साधारण एक लिटर यायला हवं, व्यायलेल्या मादीला दोन लिटर, लहान पिल्लांना अर्धा लिटर पुरे, त्यांना जास्त प्रेशर दिलं तर ती बिचकतात. दर आठवड्याला दोन-चार निपलं अशी तपासायची. उंची घोळक्यातल्या सगळ्यात लहान डुकराच्या खांद्याच्या दोन-तीन इंच वर ठेवायची आणि दहा डुकरांना एक निपल, याच्यापेक्षा कमी नको, नाहीतर दांडगी डुकरं निपल अडवतात आणि किरकोळ डुकरं तहानलेली राहतात.

अजून एक. काळा पाइप उन्हात उघडा टाकलेला असेल तर दुपारी दोन वाजता त्यातलं पाणी हाताला पोळतं. तसलं पाणी डुक्कर पीत नाही. पाइप फूटभर जमिनीखाली घाला, टाकीवर शेडनेट टाका. माझ्या मते उन्हाळ्यात एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा दुसऱ्या कशानं होत नाही.

आता पाणी तुटलं तर काय होतं ते नीट वाचा, कारण हॉटेलचं खरकटं घालणाऱ्यांच्या फार्मवर हे हमखास घडतं आणि बरेच जण त्याला विषबाधा किंवा करणी समजतात. खरकट्यात मीठ भरपूर असतं, लोणचं, पापड, रस्सा, वेफर. पाणी वेळेवर मिळत असेल तर डुक्कर ते मीठ लघवीतून काढून टाकतं. पण एक-दीड दिवस पाणी बंद राहिलं तर मीठ अंगात साठतं, मेंदूतही साठतं, आणि मग आपल्याला दया येते, आपण हौद काठोकाठ भरतो, डुकरं तुटून पडतात, पाणी एकदम मेंदूत ओढलं जातं आणि मेंदू सुजतो. डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, डोकं भिंतीला लावून उभं राहतं, कुत्र्यासारखं मागच्या पायांवर बसतं, मागं मागं सरकतं, झटके येतात, मरतं. म्हणजे मारलं पाण्यानंच, पण चूक आदल्या दिवशीची. असं पाणी तुटलेलं लक्षात आलं तर हौद भरायचा नाही. तासातासाला थोडं थोडं, वजनाच्या अर्धा टक्का धरा, म्हणजे साठ किलोच्या डुकराला एका वेळी ३०० मिली, चहाचे तीन-चार कप. ओरडतील, दावणीला धडका देतील, तरी मन घट्ट करून असंच द्यायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. महाराष्ट्रात १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे, शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

दुसरं काम: लोळायची जागा

डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, अंग गार करण्याइतका तर येतच नाही. मोठ्या मादीला सोळा ते वीस-एकवीस अंश तापमान बरं वाटतं आणि आमच्याकडं मे महिन्यात चाळीसच्या वर पारा जातो, मग ते बिचारं काय करणार, ओल शोधणार. लोळायला चिखल मिळाला नाही तर स्वतःच्या शेणामुतात लोळतं आणि लोक म्हणतात डुक्कर घाणेरडं. ते घाणेरडं नाही हो, त्याला उकडतंय. साध्या पाण्यापेक्षा चिखल बरा असतो, कारण अंगावर चढलेला चिखल हळूहळू वाळतो आणि तेवढा वेळ अंग गार राहतं, शिवाय पांढऱ्या यॉर्कशायरच्या कातडीला ऊन लागत नाही. या जातीचं कातडं उन्हानं भाजतं, कान आणि पाठ लाल होते, हात लावून बघा, डुक्कर अंग चोरतं.

खड्डा खोल नको. फूट-सव्वा फूट पुरे, म्हणजे मोठं डुक्कर आडवं पडलं की पोट आणि कूस बुडते, नाक बाहेर राहतं. चार मोठ्या माद्यांना सहा बाय आठ फूट घ्या. कडा उभ्या ठेवू नका, चारही बाजूंनी ढाळ द्या, तळाला मुरूम दाबून बसवा, आणि एका कोपऱ्यात तीन इंची पाइप टाका म्हणजे बूच काढलं की सगळं पाणी वाहून जाईल. सावलीत करा. आमचा पहिला खड्डा उन्हात होता, दुपारी पाणी इतकं तापायचं की डुकरं बाजूला उभी राहून धापा टाकायची.

आठवड्यातून एक दिवस खड्डा पूर्ण कोरडा करायचा. गावात आरोग्यवाले डासांसाठी कोरडा दिवस पाळायला सांगतात ना, तोच दिवस इथं पाळा, लक्षात राहतं. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, मध्येच पाणी काढलं की अळ्या मरतात. पावसाळ्यात खड्डा बंदच ठेवायचा, तेव्हा डुकराला त्याची गरज नसते.

पिल्लांना तिथं जाऊ द्यायचं नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला बत्तीस-चौतीस अंशांची ऊब लागते, आईला ज्यानं बरं वाटतं त्यानं पिल्लू गारठून मरतं, आणि चार इंच पाण्यातसुद्धा दुसऱ्या पिल्लाच्या पायाखाली येऊन बुडतं. मादीचे दिवस ११४ असतात, जुने लोक तीन महिने तीन आठवडे तीन दिवस म्हणतात. तारीख लिहून ठेवा आणि आठवडाभर आधीच तिला व्यायच्या खोलीत घ्या. मोकळी राहिली तर ती ओढ्याकाठी गवत गोळा करून तिथंच घरटं करते आणि तिथंच विते, सकाळी मोजायला पिल्लंच राहत नाहीत.

ऊन लागून डुक्कर तोंड उघडून धापा टाकत असेल तर त्याला ढकलत तळ्यावर नेऊ नका आणि डोक्यावर गार पाण्याच्या बादल्या ओतू नका, एकदम गार पाण्यानं धक्का बसून जागेवर जातं. सावलीत जिथं आहे तिथंच राहू द्या, खालची जमीन ओली करा, पायांवर आणि पोटाखाली पाणी सोडा, वारा घाला, प्यायला थोडं थोडं द्या.

तिसरं काम: खोल पाणी बंद करणं

२०१६ ला सरकारची "मागेल त्याला शेततळं" योजना आली आणि आमच्या भागात शिवारात जिकडंतिकडं तळी झाली. पाण्याची सोय झाली हे खरंच, पण ५०० मायक्रॉनचा कागद, एकास एक किंवा एकास दीड असा उतार, आणि त्यावर पाण्याखाली धरलेलं शेवाळ. त्यावर माणसाचा पाय टिकत नाही, डुकराचं खूर कुठं टिकणार! वाटेल तितकं धडपडू दे, इंचभरही वर येत नाही. वरून नखांनी कागद फाटतो तो वेगळाच, सगळं पाणी जमिनीत जातं.

चेनलिंक जाळी सगळेच लावतात, पण डुक्कर जाळीवरून जात नाही, खालून जातं. नाक घालून उकरतं, जाळी उचलतं, आणि एकाला वाट सापडली की मागून सगळी जातात. जाळीचा खालचा फूटभर भाग मातीत गाडा किंवा खालून काटेरी तारेची एक ओढ जमिनीलगत ताणून घ्या. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, असेल तर उत्तमच, पिकासाठी बऱ्याच जणांनी घेतलेलंच असतं. दोन तारा पुरतात, एक सहा-आठ इंचांवर आणि दुसरी दीड फुटावर, म्हणजे नाकाच्या उंचीवर. मशीन मात्र खास झटक्याचंच हवं, घरच्या लाइनची वायर थेट तारेला जोडायचा विचारसुद्धा करू नका, त्यानं माणसं मेलीत.

झटक्याची एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. डुकराला पहिल्यांदा झटका बसला की ते मागं पळत नाही, ओरडत पुढं पळतं, म्हणजे तार तोडून थेट तळ्याकडंच. म्हणून आधी शिकवायचं. पक्क्या भिंतीच्या पेनमध्ये भिंतीपासून दीड-दोन फुटांवर एक तार लावा, दोन-तीन दिवस ठेवा. ते नाक लावतं, झटका बसतो, समोर भिंत असते म्हणून मागं फिरतं, आणि तार म्हणजे मागं हे त्याच्या डोक्यात बसतं. मगच बाहेर सोडा.

गेट. आमच्या त्या दोघी गेट तोडून गेल्या नव्हत्या, उचलून गेल्या होत्या. बिजागरीच्या दोन्ही खुंट्या वरच्या तोंडाच्या होत्या, खालून नाक लावून वर रेटलं की गेट अलगद निघतं, डुकराच्या मानेत तेवढी ताकद आहे. वेल्डरला सांगून वरची खुंटी उलटी करून घ्या, खाली तोंड करून, मग गेट कितीही उचललं तरी निघत नाही. पन्नास रुपयांचं काम आहे ते. मी ते आधी केलं असतं तर दुसरी मादी आज दावणीला असती, हे मला अजून खुपतं.

विहिरीला कठडा असतोच असं नाही, जुन्या विहिरी जमिनीला समपातळीत असतात. तीन फुटांचा कठडा सिमेंटमध्ये बांधा, नुसते दगड रचू नका, डुक्कर अंग घासायला टेकतं आणि दगड विहिरीत जातात, पाठोपाठ तेही. गोव्याकडं, तळकोकणात घरामागं दोन-चार डुकरं पाळतात आणि विहीर तिथंच परसात असते, तिथं तर कठडा आणि वर जाळी दोन्ही हवं. कॅनॉल तर शेततळ्यापेक्षा वाईट, सिमेंटचा उतार तसाच आणि वरून पाण्याला ओढ, पडलेलं डुक्कर दोन किलोमीटरवर सापडतं. कॅनॉलकाठी शेड असेल तर डुकरं बांधावर चरायला सोडूच नका, आणि बांध उकरला, फुटला तर खालच्या शेतकऱ्याचं नुकसान होतं, त्याचा बोल आपल्यालाच येणार.

मोटार. स्टार्टर आणि केबल डुकरांच्या तोंडापासून लांब ठेवा, वायर चावायची त्यांना खोड असते. ओल्या जमिनीवर सोललेली केबल म्हणजे एका फटक्यात चार-पाच डुकरं आणि त्यांना उचलायला जाणारा माणूस. शेडच्या लाइनला गळती झाली की लाइट तोडणारा ब्रेकर बसवून घ्या.

चौथं काम: तळ्यात बाहेर यायचा रस्ता

हे सगळ्यात जास्त मनापासून सांगतोय, कारण यात नुसती डुकरं नाही, माणसं वाचतात. शेततळ्यात बुडालेल्या पोरांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

कुंपण कितीही चांगलं केलं तरी एखाद्या दिवशी गेट उघडं राहतं. म्हणून तळ्याच्या आत एक चढण करा. आमची अशी आहे: खताच्या रिकाम्या गोण्यांत माती आणि थोडं सिमेंट मिसळून भरलं, तोंडं शिवली, आणि एका कोपऱ्यात कागदावर जुन्या कागदाचा तुकडा दुहेरी अंथरून, खाली टोचू नये म्हणून, त्यावर पायऱ्यांसारख्या गोण्या रचत आणल्या, रुंदी चार फूट. गोण्या सरळ खाली नेल्या नाहीत, तळ्याच्या बाजूला तिरक्या नेल्या, त्यामुळं चढ कमी झाला, तीन फूट पुढं गेल्यावर एक फूट वर असा. डुकराला जास्त उभा चढ चढवत नाही. पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली जाते तेव्हा चढणीचं खालचं टोक पाण्याबाहेर राहायला नको, तळापर्यंत न्या.

कोपऱ्यातच का? पडलेलं जनावर मध्ये पोहत नाही, कडेनं पोहतं, आणि कडेनं फिरता फिरता कोपऱ्यात येतंच. बाकी तिन्ही बाजूंना वरच्या खांबाला पक्के बांधून जाड दोर खाली सोडलेत, दोन दोन फुटांवर गाठी, आणि प्रत्येकाच्या टोकाला मोटरसायकलचं जुनं टायर. डुकराला दोराचा उपयोग नाही, पण माणसाला आहे.

आता कुणी पडलंच तर. पाण्यात उडी नाही, ही पहिली आणि शेवटची गोष्ट. भ्यालेलं डुक्कर माणसाला पायानं चिरतं, अंगावर चढायला बघतं, आणि कागदावरून आपल्यालाही बाहेर येता येत नाही. आम्ही त्या दिवशी काय केलं ते सांगतो. कडेला आरडाओरडा बंद केला, कारण गलका झाला की ते पलीकडच्या काठाकडं वळतं आणि अजून दमतं. नेहमीची खाद्याची बादली आणली आणि एका कोपऱ्यात उभं राहून रोज घालतो तसाच आवाज करत वाजवली, ती वळली. तोवर दोघांनी ट्रॅक्टरचं ताडपत्रीचं पाल काठावरून पाण्यात सोडलं, वर पोती टाकली, म्हणजे खुराला धरायला काहीतरी. ती पोत्यांवर आली की दोराचा फास पुढच्या पायांच्या मागं, छातीला टाकला. गळ्याला फास टाकायचा नाही, ओढता ओढता गुदमरतं. चौघांनी काठावर बसून, पाय रोवून ओढली. काढल्यावर ती थरथरत पडून राहिली, तिला पोत्यानं कोरडी केली, उन्हाच्या कोवळ्या तिरपीत ठेवली, गुळाचं कोमट पाणी घोट घोट दिलं. नाकातून फेस, घरघर असेल तर पाणी फुप्फुसात गेलंय, डॉक्टर बोलवा, दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया धरतो.

पाचवं काम: आपलं घाण पाणी कुठं जातंय

हे नवीन माणूस सगळ्यात शेवटी बघतो आणि गावाशी भांडण यावरूनच होतं. शेड धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. विहीर, बोअर शेडच्या वरच्या अंगाला हवी आणि अंतर शंभर फुटांच्या आत नको, मुरमाड जमिनीत तर जास्तच ठेवा, कारण तिच्यातून पाणी झपाट्यानं झिरपतं. शेणामुतातला नायट्रोजन नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो आणि तान्ह्या बाळाला त्या पाण्याचं दूध पाजलं तर बाळ निळं पडतं. आम्ही दोन खड्डे केलेत, पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यातलं पाणी बागेच्या आळ्यात नाही, मक्याला आणि हत्तीगवताला जातं. ज्याला जमेल त्यानं बायोगॅस करावा.

तळ्यात मासे सोडून त्यावर डुकरांचं शेण सोडायची पद्धत आहे, आसाम आणि ईशान्येकडं चांगली चालते, रोहू, कटला, मृगळ वाढतात. पण प्रमाण आहे त्याला, एक हेक्टर पाण्याला तीस-चाळीस डुकरं. आपलं ३० बाय ३० चं तळं म्हणजे नऊ गुंठे, म्हणजे तीन-चार डुकरांचं शेण, चाळीसचं नव्हे. जास्त झालं की पाणी गर्द हिरवं होतं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, ते ऑक्सिजन संपल्याचं लक्षण, आणि ठिबकचे फिल्टर शेवाळानं तुंबतात. पाण्यावर हिरव्या ऑइलपेंटसारखी साय धरली तर ते पाणी कुठल्याच जनावराला पाजू नका, काही निळंहिरवं शेवाळ विषारी असतं.

आणि रोग. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो, उंदरांच्या आणि डुकरांच्या मुतातून. डुकरीण गाभ टाकते, आणि पायाला जखम असताना त्याच चिखलात फिरलेल्या माणसाला ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, पुढं कावीळ. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची साथ आली होती, कोकणात तर पावसाळ्यात दरवर्षी रुग्ण सापडतात. गमबूट घाला, उंदीर मारा, आणि ताप आला तर डॉक्टरला "आमच्याकडं डुकरं आहेत" हे स्वतःहून सांगा, लाजू नका, त्या एका वाक्यानं औषध वेळेत सुरू होतं. विदर्भात भातखाचरांच्या भागात जपानी मेंदूज्वराचा धोका आहे. तिथल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास डुकराला चावतो, डुकराच्या रक्तात विषाणू वाढतो, मग तोच डास पोरांना चावतो. मोठं डुक्कर आजारी दिसतही नाही, गाभण मादीला मेलेली पिल्लं होतात तेवढंच. तिकडं शेड वस्तीपासून लांब ठेवा, संध्याकाळी मच्छरदाणीचं कापड लावा, टाकीत गप्पी मासे सोडा, आणि पोरांची लस चुकवू नका. तिसरा धोका टेपवर्मचा, म्हणजे आतड्यातल्या फितीसारख्या जंताचा. माणसाच्या विष्ठेतून अंडी ओढ्याच्या पाण्यात, तिथून डुकरात, मटणातून परत माणसात, आणि ती अंडी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येतात. डुकरं ओढ्याकाठी, हागणदारीत मोकळी सोडायची नाहीत यामागं हे कारण आहे.

मेलेलं डुक्कर पाण्यात टाकू नका, कितीही घाई असो. २०२० साली आसाम, अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर पहिल्यांदा आला तेव्हा मेलेली डुकरं नदीतून वाहत आल्याच्या बातम्या होत्या, आणि काझीरंगात रानडुकरांना वाचवायला चर खणावा लागला होता. तो रोग माणसाला होत नाही, पण खालच्या गावातली सगळी डुकरं संपतात. सहा फूट खड्डा, खाली-वर चुना, विहिरीपासून लांब, वर काटेरी फांद्या म्हणजे कुत्री उकरत नाहीत.

पावसाळ्याच्या आधी

नदीकाठी शेड असेल तर २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या लोकांना विचारा, भिंतीवर खूण असते. उंचावरची जागा आधीच ठरवा आणि तिकडं डुकरं एकदा चालवत नेऊन बघा, कारण डुक्कर अनोळखी वाटेनं रात्री अंधारात जात नाही, प्लायवूडचा तुकडा मागं धरून रेटावं लागतं. पाणी चढायला लागलं आणि न्यायला वेळ नसेल तर सगळी गेटं उघडा, बांधलेलं एकही ठेवू नका. खाद्य बंद ड्रममध्ये, माळ्यावर. पूर ओसरल्यावर टाकी धुऊन हजार लिटरला अडीच-तीन ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, अर्ध्या-एक तासानं क्लोरीनचा हलका वास यायला हवा, नाही आला तर अजून थोडी.

आणि तळ्याचे दोर तेवढे मृगाच्या आधी नवीन बांधा. नायलॉनचा दोर उन्हानं मरतो पण लांबून चांगला दिसतो. हातात घेऊन पिळा, बोटांना पांढरा भुगा लागला तर तो काढून टाका.